वांकेल यांचे रोटरी इंजिन : एका हौशी संशोधकाच्या कल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रायगड जिल्ह्यातील रेवस बंदराकडे जाणाऱ्या लाँच डिझेल इंजिनावर चालतात. या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये पुढेमागे सरकतो आणि त्या गतीचे पुढे चक्राकार गतीत रूपांतर करावे लागते. लाँचचा पंखा मात्र गोलच फिरवायचा असतो. मग ज्वलनातून थेट चक्राकार गती का मिळवू नये? या प्रश्नाचे सर्वाधिक यशस्वी उत्तर जर्मनीतील फेलिक्स वांकेल (१९०२-१९८८) यांनी दिले. प्रस्तुत लेखात त्या उत्तराच्या यशाची व मर्यादांची चिकित्सा केली आहे.

कल्पना आणि आश्रय

वांकेल यांचे विद्यापीठीय शिक्षण झालेले नव्हते. १९२४ मध्ये त्यांनी हायडलबर्ग येथे लहानशी कार्यशाळा थाटली व १९२९ मध्ये रोटरी इंजिनाचे पहिले पेटंट मिळविले. मात्र हौशी संशोधक एकाकी असतो, ही समजूत येथे टिकत नाही. वांकेल नाझी पक्षाचे सदस्य होते आणि १९३६ पासून त्यांच्या कार्याला जर्मन हवाई मंत्रालयाचा आश्रय लाभला. युद्धानंतर एन.एस.यू. या कंपनीच्या सहकार्याने १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिले प्रायोगिक इंजिन चालले. त्यात रोटरबरोबर बाहेरील कवचही फिरत असे. हे कवच स्थिर ठेवणारी सुटसुटीत रचना हान्स डिटर पाश्के या अभियंत्याने केली व पुढे तीच रूढ झाली.

रचना आणि अडचणी

या इंजिनात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या पोकळीत त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजूंवर शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन या क्रिया क्रमाने घडतात. झडपांची गरज उरत नाही. परंतु रोटरच्या तिन्ही टोकांवरील सील झिजत असत. १९६७ च्या 'रो ८०' या मोटारीला हा दोष भोवला. जपानच्या तोयो कोग्यो (पुढील माझदा) कंपनीत केनिची यामामोतो यांच्या गटाने कार्बनमिश्रित सील वापरून त्यावर मात केली. १९९१ मध्ये माझदाच्या '७८७बी' गाडीने ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली.

लांबट, चपट्या ज्वलनकक्षाचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्यामुळे ज्वलन अपुरे होते, इंधन अधिक लागते आणि डिझेलला आवश्यक असे उच्च संपीडन साधणे कठीण जाते. माल व प्रवासी वाहणाऱ्या जलवाहतुकीत इंधनाचा खर्च निर्णायक असल्याने तेथे दट्ट्याचे इंजिनच टिकून राहिले.

निष्कर्ष

माझदाच्या 'आरएक्स-८' चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. २०२३ मध्ये रोटरी इंजिन मोटारीत परतले ते विद्युतजनित्र चालविण्यापुरते. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने १९६९ मध्ये वांकेल यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. कल्पना पदवीची वाट पाहत नाही, हे यातून सिद्ध होते. तथापि कल्पनेचे यंत्र होण्यासाठी पाश्के व यामामोतो यांच्यासारख्यांचे श्रम लागतात आणि यंत्राचे भवितव्य अखेर त्याच्या उपयोगावर ठरते. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ पेटंटधारकाच्या नावाने लिहिला गेल्यास या दोन्ही बाबी अंधारात राहतात.