उतरवलेला कामठा

आमच्या वलगावातून परतवाड्याकडे जाणारा रस्ता पुढे मेळघाटात शिरतो. त्याच रस्त्याने मी एकदा जुना तिरकामठा घरी आणला आणि दोर चढवून भिंतीवर टांगला. घरी आलेले एक वृद्ध कोरकू गृहस्थ तो पाहून म्हणाले, "भाऊ, काम झालं का याले उतरून ठेवा लागते. थकून मेला हा." सतत वाकलेल्या बांबूचा जोर जातो, हे मला तेव्हा कळले.

फॉर्सिथ (1871), रसेल आणि हिरालाल (1916) यांच्या ग्रंथांतून मी कोरकूंचे देव आणि चालीरीती वाचल्या होत्या. कामठ्याची जुळवणी मात्र या म्हाताऱ्यांनी शिकवली. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते आधी पाहायचे. जी ताठ, ती आतून थोडी तासायची. बाण निखाऱ्यावर शेकून, एक डोळा मिटून सरळ करायचा. कामठा जितका जोरकस, तितका बाण ताठ हवा. नाहीतर तो सुटताच लचकून बाजूला जातो. पावसाळी दमटपणाने बांबू मऊ पडतो, म्हणून उघडीप झाल्यावर पुन्हा सराव. सातपुड्यातले भिल्ल दोरही बांबूच्या सालपट्टीचा करतात. तात ओलाव्याने सैल पडते, सालपट्टी फारशी ताणत नाही.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. शिकार थांबली, ते योग्यच झाले. पण त्याच 1972 मध्ये म्युनिकला, 52 वर्षांच्या खंडानंतर, तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली. 2023 साली बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवून कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला. धनुष्याचा जोर आणि बाणाचा ताठपणा यांचा मेळ मैदानावरही घालावाच लागतो. तिथे त्याला मोजमाप आहे, शिकवणारे आहेत. जंगलातले तेच ज्ञान हातातून हातात जात होते. हंगाम संपला आणि सरावाचे निमित्तही संपले.

1972 मध्ये विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. शिकार नको; पण कामठा तासणारे, बाण शेकणारे हात लिहून, चित्रित करून ठेवायला शिकारीची गरज नाही. आपण प्रदर्शनात कामठे मांडतो, तेही बहुधा दोर चढवूनच.

माझ्याकडचा कामठा मी उतरवला. उशीर झाला होता. तो आता सरळ होत नाही.