संमतिवयाचा कायदा आणि न सांगितली जाणारी इजा

संभोगात योनीमार्ग फाटून होणारा रक्तस्राव हा हिंदुस्थानात कायद्याचा विषय झाला तो कलकत्त्याच्या एका खटल्यामुळे. १८८९ मध्ये फुलमणी दासी ही जेमतेम अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या अशा इजेने दगावली. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय दहा होते, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू होईना. अविचाराने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, एवढेच.

संमतिवय वाढवण्याच्या पुढच्या विधेयकाने महाराष्ट्र दुभंगला. ‘केसरी’तून टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, ‘सुधारका’तून आगरकर आणि शास्त्राधार काढून डॉ. भांडारकर बाजूने उभे राहिले. विरोधकांचा मुख्य आधार गर्भाधान संस्काराचा होता: न्हाण आले की ऋतुशांती लगेच व्हायलाच हवी, असा आग्रह. शरीर त्यासाठी तयार आहे का, हा प्रश्न या शास्त्रचर्चेत मागेच पडला. तो मांडला स्त्री-डॉक्टरांनी. त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी व्हाइसरॉयकडे धाडल्या. १९ मार्च १८९१ रोजी कायदा मंजूर होऊन संमतिवय बारा झाले.

या प्रश्नाच्या इतिहासात वऱ्हाडाचा वाटा आहे तो अमरावतीचे वकील सर मोरोपंत जोशी यांच्यामुळे. १९२८ मध्ये नेमलेल्या संमतिवय समितीचे ते अध्यक्ष होते आणि सदस्यांत रामेश्वरी नेहरू होत्या. समितीने प्रांतोप्रांती साक्षी घेतल्या. त्यातून निघालेले अनुमान कडू होते: संमतिवयाचा कायदा बहुतेकांना ठाऊकच नाही, आणि घरात घडणारा गुन्हा तक्रारीला येत नाही. तेव्हा लग्नाचेच वय वाढवा, असे समितीने सुचवले. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्यात मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरले. १९७८ मध्ये ते १८ झाले. तरी दंडसंहितेत नवऱ्याला पंधरा वर्षांवरील पत्नीबाबत सूट राहिलीच. अठराखालील पत्नीपुरती ती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये काढून टाकली.

कायद्याने वय मोजले, पण प्रौढ स्त्रीलाही ही इजा होते. घाई, जबरदस्ती, ओलावा नसणे ही नेहमीची कारणे. बाळंतपणानंतर, अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यावर योनीमार्गाचे अस्तर कोरडे व नाजूक होते. जंतुसंसर्ग आणि जुने व्रणही धोका वाढवतात. पहिल्या रात्री रक्त आलेच पाहिजे, या समजुतीने तर कितीतरी जखमा ‘नैसर्गिक’ ठरवल्या. प्रत्यक्षात अनेकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही, आणि जास्त रक्त येणे ही कौमार्याची साक्ष नव्हे, दुखापतीची खूण आहे.

मराठीत हे ज्ञान उघडपणे देण्याचा प्रयत्न र. धों. कर्व्यांनी केला. १९२७ ते १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. खेड्यात मात्र मौन टिकून राहिले. विदर्भातल्याच गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, पण पूर्वी तपासणी झाली होती ती जेमतेम ८ टक्क्यांची.

प्रतिबंध अवघड नाही. दोघांची खरी तयारी, पुरेसा वेळ, कोरडेपणा असल्यास पाण्यावर आधारलेले वंगण; तेलाने रबरी निरोध फाटतो. दुखू लागले की थांबावे. बाळंतपणानंतर जखम भरेपर्यंत, आणि पाळी गेल्यावर त्रास असल्यास, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्त थांबत नसेल, कापड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अशी जखम टाके घालून बरी करता येते. इजा जबरदस्तीने झाली असेल, तर सरकारी वा खाजगी कोणत्याही रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे.