नदी आली!

मरोळ म्हटलं की आज तुम्हाला मेट्रोचं स्थानक आठवेल. मला आठवते मिठी नदी. रिक्षावाल्याला "नदीपाशी थांबवा" म्हटलं, तर तो माझ्याकडे नुसता बघत राहतो. "नाल्यापाशी" म्हटलं की बरोबर थांबवतो.

माझे वडील साठच्या दशकात कोकणातून इथे कारखान्यात कामाला आले. सुरुवातीच्या दिवसांत आपण या नदीवर वजू करायचो, असं ते सांगत. वाहतं पाणी पाक असतं. मला ते कधी खरंच वाटलं नाही, कारण मी पाहिली ती काळी, फेसाळ, रॉकेलसारखा वास येणारी मिठी.

मरोळ हे साष्टीतलं जुनं गाव. शेजारच्या कोंडिवट्याला जेझुइटांनी १५७९मध्ये चर्च बांधलं. १८४०च्या सुमारास तिथे साथ आली, वस्ती उठली आणि माणसं मरोळला येऊन राहिली. त्या चर्चच्या पडक्या भिंती आता सीप्झच्या आवारात उभ्या आहेत. मरोळचे ईस्ट इंडियन लोक भात पिकवत. त्यांची मराठी ऐकावी, आपली पुस्तकी मराठी तिच्यापुढे अळणी वाटते.

हे गाव शहरात कधी गेलं? कागदावर १९५०मध्ये, महापालिकेची हद्द वाढली तेव्हा. माझ्या मते मात्र ते त्याच्या नव्वद वर्षं आधीच गेलं होतं. १८५४च्या अवर्षणात मुंबई बेटाचा घसा कोरडा पडला. मग हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६मध्ये विहारला धरणाचं काम सुरू झालं आणि १८६०मध्ये दिवसाला सुमारे ३२ दशलक्ष लिटर पाणी नळांतून मुंबईला जाऊ लागलं. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. उपनगर जिल्हा झाला तो १९२०मध्ये. म्हणजे गाव मुंबईत नव्हतं, पण गावाच्या नदीचं पाणी मुंबईत पोचलं होतं! पुढे पवईचाही तलाव बांधला गेला. मिठीच्या वाट्याला उरलं ते मुख्यतः या दोन तलावांवरून सांडणारं पावसाचं पाणी. एरवी अंगात पाणी नसलेल्या नदीत कारखाने, तबेले आणि आपण सगळे जे सोडत गेलो, तेच वाहू लागलं. विमानतळापाशी तर तिला काटकोनात वळवून धावपट्टीखालून नेलं आहे.

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आम्ही तळमजल्यावर राहत होतो. संध्याकाळी पाणी उंबऱ्यावर आलं, मग पलंगावर. वडिलांना खांद्याचा आधार देत जिन्यावर चढवलं. कवितांच्या तीन वह्या खालीच राहिल्या. वरच्या मजल्यावरच्या ईस्ट इंडियन आजींनी आम्हाला आत घेतलं, कोरे कपडे दिले, वडिलांसाठी पश्चिमेकडे तोंड करून चटई अंथरली. मग खिडकीतून अंधारात बोट दाखवत म्हणाल्या, "ते गॅरेज दिसतं ना, तिथवर आमचं शेत होतं. तिथवर ती दर पावसाळ्यात यायची."

खाली गल्लीत कुणीतरी ओरडत होतं, "नदी आली, नदी आली!" त्या रात्री नाला हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.