कैरोची डुकरे आणि भीतीची साथ

रोगाची साथ गावात पोहोचण्यापूर्वी भीतीची साथ पोहोचते, आणि पुष्कळदा पहिले बळी ती भीतीच घेते. २००९ साली इजिप्तची राजधानी कैरो येथे याचा जो प्रत्यय आला, तो आपण ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये असा आहे.

त्या वर्षीच्या एप्रिलअखेरीस मेक्सिकोतून एका नव्या फ्लूच्या बातम्या येऊ लागल्या. तोंडाला पट्ट्या बांधलेली माणसे, ओस पडलेल्या शाळा, २६ एप्रिलच्या रविवारी भाविकांविना बंद दाराआड झालेली पवित्र मिस्सा, ही दृश्ये दूरचित्रवाणीने घरोघरी पोहोचवली. जोडीला १९१८ च्या साथीची आठवण सतत दिली जात होती. त्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली होती. तेव्हा ही धास्ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. पण वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एक शब्द ठाण मांडून बसला : ‘स्वाइन फ्लू’, म्हणजे डुकरांचा ताप. या विषाणूचा वंश डुकरांतील विषाणूंशी जुळत होता हे खरे. परंतु तो पसरत होता तो माणसाकडून माणसाकडे, खोकल्याशिंकेतून. ३० एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने हे नाव वापरणे सोडून दिले. तोवर नावाने आपले काम केले होते.

आदल्याच दिवशी, २९ एप्रिलला, इजिप्त सरकारने देशातील सर्व डुकरे मारून टाकण्याचा हुकूम काढला. त्यांची संख्या सुमारे तीन लाख होती. देशात त्या वेळी या फ्लूचा एकही रुग्ण नव्हता. या कत्तलीला आरोग्याच्या दृष्टीने आधार नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितले. त्यावर हे पाऊल सर्वसाधारण स्वच्छतेसाठी आहे, असा खुलासा अधिकाऱ्यांनी केला. हुकूम मात्र कायम राहिला.

ही डुकरे कोणाची होती? मुस्लिम बहुसंख्य असलेल्या त्या देशात डुकरे पाळणारे बहुतेक सारे कॉप्टिक ख्रिस्ती, आणि त्यांतही मुख्यतः ‘झब्बालीन’, म्हणजे कचरा वेचणारे. दक्षिणेकडील खेड्यांतून १९४० च्या दशकात पोटासाठी कैरोत आलेली ही कुटुंबे. पहाटे घरोघरी जाऊन कचरा गोळा करायचा, मोकट्टम टेकडीच्या पायथ्याशी आपल्या वस्तीत आणून निवडायचा, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळे करून विकायचे आणि उष्टे-खरकटे डुकरांना घालायचे, हा त्यांचा दिनक्रम. डुक्कर ही त्यांची पुंजी होती. आजारपणात, लग्नकार्यात हाताशी येणारा पैसा तोच.

या वस्त्यांचे दुःख जगाला कळले ते सिस्टर इमॅन्युएल यांच्यामुळे. ब्रुसेल्समध्ये जन्मलेल्या या धर्मभगिनी १९७१ साली, वयाची साठी उलटल्यावर, कचरावेचकांच्या झोपडीत राहायला गेल्या आणि १९९३ पर्यंत त्यांच्यातच राहिल्या. त्यांनी तेथे शाळा आणि दवाखाने उभारले. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. अवघ्या सहा-सात महिन्यांत त्यांच्या माणसांवर हा घाला आला.

मे महिन्याच्या आरंभी वस्तीतील लोकांनी डुकरे नेण्यास विरोध केला. दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. अखेर डुकरे नेण्यात आली. हाती पडलेली भरपाई तुटपुंजी होती. जूनच्या प्रारंभी देशात पहिला रुग्ण सापडला तो परदेशातून आलेला प्रवासी होता. डुकरांशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत कैरोच्या रस्त्यांवर ओल्या कचऱ्याचे ढीग कुजू लागले, कारण तो खाणारे जनावर उरले नव्हते. आरोग्यासाठी काढलेल्या हुकमाने शहराला दुर्गंधी दिली.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००६ पासून इजिप्तमध्ये बर्ड फ्लूने माणसे दगावत होती. राज्यकर्त्यांची धास्ती सर्वस्वी खोटी नव्हती. आणि नवा फ्लूही क्षुल्लक नव्हता. पहिल्या वर्षभरात त्याने जगात दीड ते पावणेसहा लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज पुढे अभ्यासकांनी मांडला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात भारतातील पहिला मृत्यू झाला, तेव्हा आपल्याकडेही शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, मुखपट्ट्या मिळेनाशा झाल्या, आणि तपासणीसाठी नायडू रुग्णालयासमोर लोकांची रीघ लागली. सावधगिरी हवीच होती.

परंतु सावधगिरी आणि भीती यांत एक मोठा भेद आहे. सावधगिरी रोगाचा मार्ग शोधते. भीती दोषी शोधते. आणि दोषी म्हणून तिच्या हाती सहसा तोच लागतो, ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो. मोकट्टमच्या ख्रिस्ती बांधवांनी रोग आणला नव्हता. उलट शहराची घाण पिढ्यान्‌पिढ्या तेच उचलत आले होते. यापुढेही साथी येतील, मथळेही येतील. तेव्हा आपण हात धुवावेत, लस घ्यावी, आजाऱ्याची शुश्रूषा करावी. आणि या भीतीची किंमत कोणाच्या दारातून वसूल होत आहे, हेही डोळे उघडे ठेवून पाहावे.