तोफेचा कान

आजोबांशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या बाजूला बसावं लागे. मनीषनगरच्या आमच्या घरात त्यांची वेताची खुर्ची मुद्दाम अशी ठेवलेली होती की डावा खांदा भिंतीला लागेल आणि उजवा कान खोलीकडे राहील. डावा कान ते समुद्रातच ठेवून आले, असं आजी म्हणायची. आजोबा म्हणजे आईचे वडील, मूळचे अलिबाग तालुक्यातले. पन्नासच्या दशकात नौदलात भरती झाले, तोफांवर काम केलं आणि उतारवयात लेकीकडे नागपूरला आले. समुद्रापासून इतक्या दूर, की पावसाळ्यात अंबाझरीचा तलाव सांडव्यावरून वाहू लागला तरी गल्लीतल्या मुलांना तेवढ्याचंच केवढं अप्रूप.

शेजारचे काका विचारत, "केवढा आवाज येत होता बाप्पा तुमच्या तोफीचा?" आजोबा क्षणभर गप्प राहत आणि मग म्हणत, "आवाज नंतर. आधी कान समजून घ्या."

तोफेला कान असतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. नळीच्या मागच्या टोकाला, वरच्या अंगाला पाडलेलं बारीक भोक म्हणजे कान. तोंडातून दारू ठासायची, वर बोळा, मग गोळा, पुन्हा बोळा. कानात रंजक भरायची आणि बत्ती द्यायची. शत्रूच्या हाती पडणारी तोफ नेता येत नसेल, तर तिच्या कानात मेख ठोकायची. एवढ्यानं ती मुकी होई. जंजिऱ्याच्या बुरुजावरची कलालबांगडी, तिच्या सोबतीच्या चावरी आणि लांडा कासम, सगळ्या याच जातीच्या. कलालबांगडीचा धाक किती कोसांवर होता, हे तिकडच्या घराघरांत वेगवेगळं सांगतात. आजोबांना त्या आकड्यांत रस नव्हता. १६८२ साली संभाजीराजांनी खाडीत दगड टाकून जंजिऱ्यापर्यंत वाट बांधायला घेतली, ती का, हे त्यांना सांगायचं असे. "जहाज हलतं, बुरूज हलत नाही. हलणाऱ्या तोफेनं स्थिर तोफेशी भांडणं फार अवघड. म्हणून राजांनी समुद्रालाच जमीन करायचं ठरवलं."

काका मग सीताबर्डीची लढाई काढत. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवरच्या इंग्रजी फौजेवर वळवली, ही गोष्ट त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली. आजोबा मान डोलवत, पण लगेच म्हणत, "टेकडी डोलते का हो? मी सांगतोय ती तोफ लाटेवर डोलते." कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, ते हातांनी हवेत काढून दाखवत. दोन किंवा तीन डोलकाठ्या, लांब निमुळती नाळ आणि तिच्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. वारा पडला की गलबतांवरचे वल्हेकरी गुराब ओढून शत्रूच्या मागच्या अंगाला नेत, जिथे त्याच्या तोफा कमी. डोलणाऱ्या तोफेवरचा हा आंग्र्यांचा उपाय. नेम साधत नसेल तर जहाजाचाच नेम धरायचा. फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांची आणि इंग्रजांची हातमिळवणी झालेली असताना, विजयदुर्गाखाली ते सगळं आरमार पेटलं. या जागी आजोबा नेहमी थांबत. पुढचं ते सांगत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

त्यांची खरी कथा तोफेच्या मागच्या दाराची होती.

तोंडातून भरायची तोफ जहाजावर किती अडचणीची, ते त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर समजावलं. तोफ उडाली की मागे धावते, जाड दोरखंड तिला आवरतो. मग ओल्या बोळ्यानं नळी पुसायची, कारण आत एक ठिणगी राहिली तरी पुढची दारू ठासणाऱ्याच्या हातातच पेटते. मग पुन्हा भरायची, पुन्हा पुढे ओढायची. मागून भरता आली तर हे सगळं वाचतं. पण मागे दार केलं की त्या दारातून आग बाहेर येते. इंग्लंडात विल्यम आर्मस्ट्राँगनं १८५०च्या दशकात मागून भरायची, आतून आटे पाडलेली तोफ केली. १८६३ मध्ये जपानच्या कागोशिमासमोर तिनं दगा दिला आणि इंग्रजी आरमार चक्क परत तोंडातून भरायच्या तोफांकडे वळलं.

आणि मग 'थंडरर' ही इंग्रजी युद्धनौका. ही गोष्ट सांगताना आजोबांचा हात नकळत डाव्या कानाकडे जाई. २ जानेवारी १८७९, मार्मारा समुद्रात सराव चाललेला. एका टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजात, दोन प्रचंड तोफा, दोन्ही एकदम उडवल्या. एक उडाली, दुसरी उडालीच नाही. पण धडाका असा की आतल्या कुणालाच ते कळलं नाही. दोन्ही पुन्हा भरल्या. एका नळीत दोन दारू, दोन गोळे. ती फुटली आणि अकरा माणसं गेली. "ऐकू आलं नाही म्हणून गेली," आजोबा म्हणत. "मागं दार असतं तर उघडून बघितलं असतं." त्या अपघातानंतर इंग्रजी आरमारानं तोंडाची तोफ सोडली.

दार घट्ट कसं बसवायचं, याचं उत्तर आमच्या घरातच होतं. त्यांनी होल्डरमधला बल्ब काढून पुन्हा बसवून दाखवला. आत ढकलायचा, थोडा फिरवायचा, झाला पक्का. मोठ्या तोफेचं दार तसंच असतं. पूर्ण आट्यांचा स्क्रू फिरवत बसलं तर वेळ जातो, म्हणून आटे मधूनमधून कापून काढतात. सरळ आत ढकलून थोडासाच फिरवला की सगळे आटे एकदम धरतात. आणि आग अडवायला? त्यांनी आईचा कुकर मागितला, आतून बसणाऱ्या झाकणाचा. वाफ जितकी जोर करेल तितकं झाकण घट्ट. फ्रेंच अधिकारी द बांज यानं तोफेच्या दारात हेच केलं. मऊ गादी अशी बसवली की स्फोटाचा दाब तिलाच चेपून फट बुजवतो.

बाबा डिफेन्समध्ये होते. अंबाझरीच्या आयुध निर्माणीला नागपुरात सगळे डिफेन्सच म्हणतात. तोफगोळ्याच्या बुडाशी तांब्याची पट्टी कशासाठी, ते बाबा सांगत. नळीतल्या आट्यांत ती मऊ पट्टी रुतते, गोळ्याला गरगर फिरवते, आणि फिरणारा गोळा सरळ जातो. सासरे-जावयांचं एरवी फारसं बोलणं नसे. या पट्टीवर मात्र दोघं तासभर बोलत.

१८ डिसेंबर १९६१ला, गोवामुक्तीच्या कारवाईत, आजोबा 'बेतवा' या युद्धनौकेवर होते. मुरगावच्या बंदरात 'आफोन्सु द अल्बुकेर्क' हे पोर्तुगीज जहाज, चार तोफांचं. 'बेतवा' आणि 'बियास' आत शिरल्या. साडेचार इंची तोफा, एकेक गोळा जवळपास पंचवीस किलोचा. मी विचारलं, गोवा कसा दिसत होता? ते म्हणाले, "मला गोवा दिसलाच नाही. मी टरेटच्या खाली होतो. मला गोळे दिसत होते. एक वर गेला की दुसरा." वर आले तेव्हा ते जहाज बांबोळीच्या किनाऱ्याला रुतलेलं होतं. त्याचा कप्तान जबर जखमी झाल्याचं त्यांना मागाहून कळलं. ते सांगताना त्यांनी त्या माणसाला एकदाही शत्रू म्हटलं नाही.

कान त्या दिवशी गेला नव्हता. तो त्याआधीच, जुन्या जहाजाच्या उघड्या डेकवर, सरावागणिक थोडा थोडा गेला. कापसाचे बोळे घालायचो, म्हणत.

पुढे मी आणि आई त्यांना अलिबागला घेऊन गेलो. ओहोटीला घोडागाडीतून कुलाबा किल्ल्यात. तिथं चाकाच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. अंगावर अक्षरं कोरलेली : डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, १८४९. आंग्र्यांचं संस्थान तोवर खालसा झालेलं. आणि ओतल्यानंतर दहा वर्षं होतात न होतात तोच आर्मस्ट्राँगच्या तोफेनं ही जातच जुनी ठरवली. आजोबांनी अक्षरं वाचली नाहीत. रुमाल काढला आणि तोफेच्या कानापाशी साठलेली वाळू हलक्या हातानं पुसू लागले, आजीच्या चष्म्याची काच पुसायचे तशी.

भरती सुरू झाली होती. घोडागाडीवाला डावीकडून हाका मारत होता, "चला बाबा, पाणी चढतंय." त्यांनी वर पाहिलं नाही. मी तोफेला वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि सांगितलं.