सेक्टर सांगा, पण गावासकट

सेक्टर हा मुळात भूमितीतला शब्द. कापणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला. आपल्या दहावीच्या पुस्तकात त्याला वर्तुळपाकळी असं देखणं नाव आहे. पुढे सैन्याने आघाडीचे वाटे पाडायला तो उचलला. १९५०च्या दशकात वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या चंडीगडमुळे भारतात तो वस्तीला लागला: साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटरचा चौकोन म्हणजे एक सेक्टर. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाने नवी मुंबई वसवताना हाच शब्द घेतला.

या शब्दावर नेहमीचा आक्षेप असा, की आळी, वाडी, पाखाडी अशी नावं सोडून माणसांना आकड्यांत कोंबलं आणि गावं पुसली. पण आळीला नाव पडायला दोन-चार पिढ्यांचा शेजार लागतो. खाडीकाठच्या शेतजमिनींवर एकदम उभ्या राहिलेल्या इमारतींना तो कुठून मिळणार? शिवाय चंडीगडात क्रमांक शहरभर सलग चालतात, नवी मुंबईत प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, एकपासून सुरू होतात. सेक्टर १५ वाशीत आहे, बेलापूरला आहे, खारघरलाही आहे. नुसतं ‘सेक्टर पंधरा’ म्हटलं की समोरचा विचारणारच, ‘कुठला?’ उत्तरात गावाचं नाव घ्यावंच लागतं. नियोजनकारांचा ‘नोड’ कागदपत्रांत आणि बातम्यांत राहिला. बोलताना त्याचं काम वाशी, नेरूळ, घणसोली ही जुनी नावंच करतात.

मग गावं टिकली म्हणायची का? नावं टिकली, पण त्यांचा मालक बदलला. आज ‘वाशी’ म्हटलं की सेक्टरांची वाशी कळते. मूळ वस्तीला ‘वाशी गाव’ अशी पुस्ती जोडावी लागते. नेरूळ गाव, घणसोली गाव यांचंही तेच. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या १९८४च्या आंदोलनानंतर, नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेचे, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचे, भूखंड मिळू लागले, तेही सेक्टरांतच. त्यामुळे जुनं घर गावठाणात आणि भूखंडाचा पत्ता सेक्टरात, अशी एकाच कुटुंबाची विभागणी होऊ शकते. म्हणून दोष आकड्याला देण्यात अर्थ नाही. गावाचं नाव नव्या वस्तीला देताना गावठाण त्याच आखणीत सन्मानाने का बसवलं नाही, हा खरा प्रश्न आहे आणि तो शब्दाला नव्हे, नियोजनाला विचारायला हवा.