तुडतुडा, रानकोंबडा आणि बावीस नंबरचा गळ

गळाचा नंबर उलटा चालतो. आकडा वाढेल तसा गळ लहान होत जातो. १२ नंबर ८ पेक्षा बारीक, आणि २२ नंबर तर तांदळाच्या दाण्याएवढा. एकपेक्षा मोठा गळ हवा असेल तर मोजणी दुसऱ्या बाजूला वळते: १/०, २/०, ५/०. ही पद्धत जुन्या इंग्लिश कारागिरांकडून आली. त्यांच्यातही एकमत नव्हतं, रेडिचचा नंबर वेगळा आणि केंडलचा वेगळा. आजही दोन कंपन्यांचे एकाच नंबरचे गळ शेजारी ठेवा, तंतोतंत जुळतीलच असं नाही.

आमच्या रत्नागिरीत गळाला गरी म्हणतात आणि तिने मासे धरण्याला गरवणं. भाट्याच्या खाडीत काळुंदरासाठी बारीक गरी लागते, कारण त्याचं तोंड लहान. कातळावरून तांबोशी गरवायची तर जाड तारेची. तांबोशी लागली की आधी खडकाच्या कपारीकडे धावते आणि बारीक गळ सरळ करून निघून जाते. गळाची धार तपासायची तर टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर चालेल. थोडक्यात, इथे गळ निवडताना प्रश्न असतो तो ताकदीचा.

इंग्लंडातल्या नदीकाठी काही लोकांनी नेमका उलटा प्रश्न धरला: लोखंड किती कमी करता येईल?

त्यांना ट्राउट मासा हवा होता, आणि तोही पाण्यावर बसलेला किडा टिपणारा. त्यासाठी गळाच्या दांडीवर रेशीम आणि कोंबड्याच्या मानेची ताठ पिसं गुंडाळून खोटा किडा बांधायचा. त्याला फ्लाय म्हणतात. जी पाण्यावर तरंगते ती ड्राय फ्लाय. पिसांचे केस पाण्याच्या पृष्ठभागावर टेकतात आणि पाण्याचा ताण त्यांना उचलून धरतो. पण गळ शेवटी पोलादाचा. तार जराशी जाड निघाली की फ्लाय बुडाली, मग पिसं कितीही चांगली असोत.

दुसरी अडचण नेढ्याची होती. सुईला जसं नेढं असतं तसं तेव्हाच्या बहुतेक फ्लायच्या गळांना नसे. रेशीमकिड्याच्या शरीरातून काढलेला तंतू थेट दांडीवर बांधून टाकत. ड्राय फ्लाय वाळवायला ती हवेत पुढेमागे फटकारावी लागते. त्या फटकाऱ्यांनी तंतू गळाच्या डोक्याशीच झिजून तुटायचा आणि तासभर खपून बांधलेली फ्लाय पाण्यात जायची.

१८७९ च्या सुमारास यावर काम केलं ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजातल्या एका गणिताच्या मास्तराने. हेन्री सिंक्लेअर हॉल त्याचं नाव. जॉर्ज बँकार्ट या मित्राला सोबत घेऊन त्याने लहान, हलका आणि तरीही नेढं असलेला गळ घडवून आणला. नेढ्यामुळे फ्लाय सोडवून दुसरी लावता येऊ लागली. आणि हो, हा तोच हॉल. ‘हॉल अँड नाइट’मधला. १८८७ चं त्याचं ‘हायर अल्जिब्रा’ अजूनही जेईईवाल्यांच्या टेबलावर असतं. क्रमचय-संचय सोडवताना ज्याला शिव्या घातल्या, तो मोकळ्या वेळात गळाचं वजन कमी करत बसला होता, हे मला कळलं तेव्हा त्याच्याबद्दलचा राग बराच उतरला.

१८८६ मध्ये फ्रेडरिक हॅलफर्डने तरंगत्या फ्लाय कशा बांधायच्या यावर पुस्तक काढलं आणि या छंदाचा जवळजवळ धर्म झाला. मासा वर उठताना दिसला तरच फ्लाय टाकायची, एरवी नाही. मला यात सोवळंओवळंच जास्त दिसतं. पण त्यांनी लिहून ठेवलं, हे मान्य करायला हवं. आपल्याकडेही बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मासे गळाने धरण्याच्या विनोदावर प्रकरण आहे, पण ती राजाची करमणूक. कातळावर बसून गरवणाऱ्याचं शहाणपण वहीत उतरलं नाही. कुठल्या भरतीला कुठली गरी, हे बापाकडून पोराकडे तोंडीच आलं, आणि पोरगा मुंबईला गेला की तिथेच थांबलं.

हलक्या गळाचं टोक गाठलं ते अमेरिकेत. पेनसिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट ओढ्यावर व्हिन्सेंट मॅरिनारोला ट्राउट काहीतरी टिपताना दिसत, पण पाण्यावर किडा दिसेना. काठावर पालथं पडून, पाणी बारीक जाळीतून गाळून पाहिलं तेव्हा सापडले अगदी चिमुकले जीव. त्यांत होते जॅसिड, म्हणजे आपले तुडतुडे. आंब्याच्या मोहरातला रस शोषून चिकटा पाडणारे, ज्यांच्यासाठी रत्नागिरीचा बागायतदार पंप पाठीला लावतो, त्यांचेच भाऊबंद.

मॅरिनारोने विचार केला की मासा खालून बघतो, त्याला किड्याची जाडी दिसत नाही, दिसते ती आकृती. म्हणून २०-२२ नंबरच्या गळावर त्याने एकच छोटं, चपटं, टणक पीस आडवं बांधलं. गळ मोठा घेतला तर आकृती बिघडणार, तार जाड घेतली तर बुडणार आणि बांधणी फुगली तर टोक व दांडीमधली फट भरून मासा लागणारच नाही. १९५० मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं.

ते पीस होतं राखी रानकोंबड्याच्या मानेचं. त्याच्या टोकाला मेणाच्या थेंबासारखा चकचकीत ठिपका असतो. हा पक्षी फक्त भारतात सापडतो, आपल्या सह्याद्रीत धरून. सॅमन माशासाठीच्या झगमगीत फ्लायमध्ये त्याची पिसं व्हिक्टोरियाच्या काळापासून डोळ्यांसारखी लावत. त्या एका ठिपक्यासाठी रानकोंबडे मारले गेले आणि कातड्यासकट त्यांच्या माना जहाजांवर चढल्या. हॉलचं बीजगणित आत आलं, रानकोंबडा बाहेर गेला. या व्यवहारात आपण काय कमावलं याचा हिशेब मी अजून करतोय.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा पक्षी मारणं गुन्हा आहे. परदेशातल्या फ्लाय बांधणाऱ्यांना आता पिसं मिळतात ती तिकडेच पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची, आणि महाग. ज्यांना परवडत नाहीत ते प्लास्टिकचे ठिपके चिकटवतात. आंबा घाटात मात्र पहाटे रानकोंबडा आरवतो तेव्हा गाडी बंद करून थांबलं की नीट ऐकू येतं. गावठी कोंबड्यापेक्षा तुटक आणि घोगरं.